आधी आमचं

मला साक्ष देता येत नाही. रविवारी उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग कोणीतरी उठतं, देवानं दुखण्यातून कसं उठवलं, मुलीचं लग्न कसं जमवलं ते सांगतं, आणि बाकीचे आमेन म्हणतात. तेवढा वेळ मी घरी गेल्यावर डाळ शिजत टाकायची की भाजी करायची याचा विचार करत असते. आयुष्यात एकदाच उठले, तेही शेजारणीनं चिमटा काढला म्हणून.

माझं माहेर साताऱ्याचं. वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते. घरात दोन वेळा प्रार्थना व्हायची, सकाळी नळाला पाणी यायच्या आधी आणि संध्याकाळी पानं घेण्याआधी. विश्वास म्हणजे काय हा प्रश्न आम्हा भावंडांना पडला नाही. पाढे पाठ होते तशी प्रार्थनाही पाठ होती. भाकरीसाठी देवाला विनवायचो तेव्हा भाकरी टोपल्यात असायचीच.

लग्न होऊन माधवनगरला आले. आमचे हे यंत्रमागाच्या एका शेडमध्ये विणकर होते. मोठी गिरणी नव्हे, पत्र्याची शेड, आणि तिच्या मागं कामगारांच्या खोल्यांची एक रांग. दिवसभर मागांचा खडखडाट भिंतीतून घरात यायचा. पहिले काही महिने माझं डोकं उठायचं, पुढं तो थांबला की दचकायला व्हायचं.

रांगेत मराठे होते, लिंगायत होते, टोकाच्या खोलीत मुसलमान चाची होत्या. ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि शेजारचं. शेजारणीला मी अक्का म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला दाजी. अक्का कवठे महांकाळकडची, माझ्यापेक्षा बरीच मोठी. दोघं नवराबायको, पोरबाळ नव्हतं. दाजी आमच्या ह्यांच्याच शेडमध्ये, शेजारच्या मागांवर. ह्यांना काम शिकवलं तेही त्यांनीच.

अक्का काही संत नव्हती. तोंडाळ होती, नळावर भांडायची, रांगेतल्या प्रत्येक घरात काय शिजतंय हे तिला नाकावरून कळायचं. देवाशीही ती तशीच बोलायची. "देवा, तवा तापलाय, पिठाचं तू बघ," असं चुलीपुढं मोठ्यानं म्हणायची. मला ते ऐकून लाज वाटायची. प्रार्थना कशी शुद्ध बोलीत, डोळे मिटून, सुरुवात आणि शेवट असलेली हवी, असं माझं मास्तरांच्या मुलीचं मत.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून माग नाहीत. आधी आठवड्यातून काही दिवस शेड बंद राहायची. दिवाळीनंतर ती पूर्णच बंद झाली. आम्ही बायका घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो, तेही काम गेलं. हे आणि दाजी एकाच डब्यात भाकरी बांधून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. विणकराचे हात खडीला कामाचे नसतात. संध्याकाळी दोघांचे तळवे बघवायचे नाहीत. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिच्या भाकरीला चिकटपणा नाही. थापताना तुटायची, तव्यावर तुटायची, आणि उरलेली पानात.

शुक्रवारी उपास धरून प्रार्थना करायची कल्पना अक्काची.

"तसंबी पोटात काय न्हाई," ती म्हणाली. "मग देवाच्या नावावर तरी लावू."

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शास्त्र मी वाचायची आणि प्रार्थना ती करायची. दुपार कलली की कोरा चहा घेऊन उपास सोडायचो. आमच्या दोघींच्या दारांच्या मधे मोरीचं पाणी जायचा खड्डा होता. दोन्ही घरांचं भांड्यांचं पाणी त्यात पडायचं. अक्कानं तिथं दुधीची बी लावली होती. वेल कौलांवर चढला, फुलं आली, गळाली, शेवटी एकच दुधी धरला. अक्कानं तो देवाला बोलून टाकला. आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकेल त्यातलं पहिलं घेऊन यायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, आणि आलेले पैसे मंडळीच्या कामाला जातात. माग सुरू झाले की हा दुधी दोघींनी मिळून सणाला न्यायचा आणि उभं राहून उपकार मानायचे, असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं.

तो दुधी माझ्या डोळ्यांसमोर लटकत होता. कोवळा होता तेव्हा माझी मुलगी त्याच्याकडे बोट दाखवायची आणि मी तिला मिलोची भाकरी द्यायची.

चाची येता-जाता टोमणा मारायच्या. "काय गं, तुमच्या देवाला दुधी लय आवडतो वाटतं? मटणबिटण काय चालत न्हाई व्हय त्याला?"

"चालतंय की," अक्का म्हणायची. "तुमी आणून द्या. आमी पोचवतो."

त्यातल्याच एका शुक्रवारी अक्का नेहमीसारखी मोठ्यानं मागत होती. "देवा, ह्या पोरीचा माणूस आन् माझा माणूस एकाच डब्यातलं खात्यात. बोलवायचं तर दोगांला बोलीव. एकाला आत आन् एकाला भाईर, असलं काय करू नगंस. तुझं काय सांगता येत न्हाई."

मी डोळे मिटून शेजारी बसले होते. माझ्या मनात आलं, दोघांचं जमत नसेल तर आधी आमचं कर.

आलं असं म्हणते, पण ते नुसतं आलं नव्हतं. मी ते नीट, पूर्ण वाक्यात, देवाला उद्देशून म्हटलं, आणि शेवटी अक्काबरोबर आमेनही म्हटलं.

जानेवारी सरता सरता थोडी वीज मिळू लागली आणि निम्मे माग सुरू करायचं ठरलं. पूर्वी एक विणकर दोन माग बघायचा, आता चार बघायचे होते. मुकादमानं तरणी माणसं निवडली. आमच्या ह्यांना बोलावणं आलं. दाजींना, चार माग झेपायचे नाहीत, पुढं बघू, असं सांगितलं.

मी अक्षरशः मागितलं होतं तसंच झालं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. देवानं माझं ते वाक्य ऐकलं असेल, तर मी शेजारणीच्या ताटातलं ओढून घेतलं होतं. ऐकलं नसेल, सगळं मुकादमाच्या मर्जीनं झालं असेल, तर मग इतके शुक्रवार आम्ही कोणाशी बोलत होतो? दोन्हीकडून मला सुटका नव्हती. आणि या विचाराखाली, सगळ्यात तळाशी, मला आनंद झाला होता. घरात ज्वारी आली होती आणि मला आनंद झाला होता.

मी व्यवहारी बाई आहे. अडचण दिसली की काहीतरी करते. तेव्हा मी लपवायला लागले. ह्यांना म्हटलं, कामावर जाताना मागच्या दारानं जात जा, शीळ घालू नका. आमटीला फोडणी देणं बंद केलं, लसणाचा वास भिंतीपलीकडं जाऊ नये म्हणून. जिच्या भिंतीतून शेडचा खडखडाट दिवसभर आत येतो तिच्यापासून मी शेड सुरू झाल्याचं लपवत होते. हे म्हणाले, "अगं, दाजी काल मला रस्त्यात भेटले, पाठीवर थाप मारली त्यांनी. तू कुणापासून लपवतेस?"

शुक्रवार आला. मुलीला ताप आहे असं सांगून मी प्रार्थनेला बसले नाही. भिंतीपलीकडं अक्काचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पुढच्या शुक्रवारच्या आत मी मुलीला घेऊन एसटीनं साताऱ्याला गेले.

आईला आनंद मावेना. "देवानं ऐकलं गं!" तिनं शेजारीपाजारी सांगितलं, आणि रविवारी चर्चमध्ये तिथल्या पाळकांनाही. त्यांनी उपासनेत जाहीर केलं की मास्तरांच्या जावयांना काम परत मिळालं, आपण उपकार मानू या. सगळी मंडळी उभी राहिली. लहानपणापासून मला ओळखणारी माणसं माझ्याकडे वळून हसत होती. मीही उभी राहिले. बसून कसं राहणार?

घरी येताना वडिलांनी विचारलं, "आणि तुझ्या शेजारचे? ते दाजी?"

"त्यांचं नाही झालं."

"असू दे," आई म्हणाली. "त्यांच्यासाठीही देवाची काहीतरी योजना असेल."

हे वाक्य मी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं होतं. मयताच्या घरी, नापास झालेल्या पोरांना. पलीकडच्या बाजूला उभं राहून ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते किती स्वस्त लागतं हे कळलं. वडील म्हणाले, "तू परत कधी जाणार?" मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

अक्का दारातच होती, वेलाच्या बुंध्याशी भांड्यांचं पाणी ओतत. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आलीस? उतरला का ताप साताऱ्यात?"

मी पिशवी खाली ठेवली.

"अक्का, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"तू फोडणी घालंना झालीस तवाच कळलं मला. कामाला लागल्याल्या घरात फोडणीचा वास न्हाई, म्हंजी काय? माझं नाक गेलंय व्हय? आन् तो तुझा दादला, चोरागत मागल्या दारानं जातोय. आमच्या घरात काय मयत पडलंय?"

"तसं नाही."

"मग कसं? माझा विश्वास काय तुझ्या आमटीच्या वासानं मोडतोय?" आता ती ओरडत होती. चाची आपल्या दारातून बघत होत्या. "ताप न्हाई आन् काय न्हाई. देवाच्या नावानं खोटं बोललीस. मला एकटीला बसवलंस. येवडे दीस दोघी बसलो ते काय तुझं काम होईस्तवर?"

हे खरंच होतं. मी सांगून टाकलं. म्हटलं, "अक्का, त्या शुक्रवारी तुम्ही दोघांचं मागत होता ना, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आधी आमचं कर. आणि तसंच झालं."

अक्कानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी बी," ती म्हणाली.

"काय?"

"मी बी मनात त्येच मागितलं. आधी आमचं. तुझा माणूस तरणा हाय, त्येला कुठंबी काम मिळंल, असं बी वर सांगितलं देवाला."

चाची दारात हसल्या. मलाही हसू फुटलं, अक्कालाही. दोघी त्या मोरीच्या खड्ड्याशी उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो. मग अक्का हसायची थांबली.

"मग माझं का न्हाई ऐकलं?" तिनं विचारलं.

साताऱ्याचं माझं सगळं पाठांतर त्या वेळी माझ्यापाशी होतं. मास्तरांच्या मुलीला या प्रश्नाला देता येतील अशी उत्तरं ठाऊक असतात. मी म्हटलं, "मला माहीत नाही, अक्का."

"बरं झालं," ती म्हणाली. "माहीत हाय म्हणाली असतीस तर ह्यो दुधी तुझ्या डोक्यात घातला असता."

त्या वर्षी कापणीचा सण करावा की नाही यावर मंडळीत वाद झाला होता. कापणीच नाही तर सण कसला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. पाळकसाहेब म्हणाले, जे असेल ते आणा. तसं लोकांनी आणलं. कोणी ओंजळभर मिलो आणली, कोणी दोन अंडी, आणि एका बाईंनी पाण्यानं भरलेली घागर आणून वेदीपुढं ठेवली. मी दुधीच्या एका टोकाला आणि अक्का दुसऱ्या टोकाला, असा आम्ही तो नेला. तो तेवढा जड नव्हता, पण अक्काला तसंच न्यायचं होतं.

पाळकसाहेबांनी साक्षीसाठी विचारलं. मी मान खाली घातली. अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी उभीच राहिले.

"आमच्या घरी काम परत मिळालं," मी म्हटलं. "शेजारी अजून नाही मिळालं. आम्ही दोघींनी मिळूनच मागितलं होतं. असं का झालं ते मला कळत नाही. उपकार मानते, आणि अजून मागते."

पाळकसाहेब घुटमळले. याला आमेन म्हणायचं की नाही, मंडळीला कळेना. मग अक्काच खणखणीत आवाजात आमेन म्हणाली, आणि बाकीचे तिच्यामागं.

लिलावात आमच्या दुधीची चेष्टा झाली. देवासाठी राखता राखता तो पार जून झाला होता, नखही रुतत नव्हतं. "एकतारी करा त्याची!" कोणीतरी ओरडलं. शेवटी आमच्या ह्यांनीच बोली लावून तो घेतला. घरी कोयत्यानं फोडला, आणि बिया अक्कानं निम्म्या-निम्म्या केल्या.

इथं थांबले असते तर मलाही बरं वाटलं असतं. पण पुढं एक गोष्ट घडली, आणि ती मनातल्या वाक्यापेक्षा मोठी आहे.

सणानंतर हे मुकादमाला दाजींबद्दल विचारायला गेले. तो म्हणाला, बघू. काही दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "तुला फार पुळका असंल तर तुझेच माग देतो की त्येला." ह्यांनी घरी येऊन ते मला सांगितलं आणि माझ्याकडं बघत बसले. मी पोळपाट धूत होते.

मी म्हटलं, "आता पुन्हा विचारू नका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. या वेळी मी देवावर काही ढकलू शकत नव्हते. वाक्य माझं होतं, मोठ्यानं म्हटलेलं होतं, आणि ते ऐकणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. मुकादमानं खरंच ह्यांचे माग काढून घेतले असते का? ठाऊक नाही. मुलगी लहान होती, हे खरं आहे. तेच कारण मी तेव्हा स्वतःला दिलं आणि आजही देते.

आमचे शुक्रवार चालूच राहिले. मी वाचायची, अक्का मागायची. तिला मुकादमाचं बोलणं कळलं होतं का, मला माहीत नाही. त्या रांगेत काही लपत नसे.

उन्हाळा सरायच्या आत अक्का आणि दाजी तिच्या भावाकडं जायला निघाले, कवठे महांकाळच्या बाजूला. तिकडं तर माधवनगरपेक्षा कोरडं. पण भावाची दोन जनावरं होती, दाजी ती बघणार होते. मी एसटीपर्यंत गेले. बिया पदराच्या गाठीत बांधल्यात म्हणून अक्कानं मला गाठ दाखवली. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "आता सुक्रवार कुणाबर धरणार?"

"एकटीच."

"मग मोठ्यानं मागत जा. मनात मागतीस त्ये बरं नसतंय."

गाडी सुटली. ती माझ्याबद्दल बोलत होती की आम्हा दोघींबद्दल, की तिला सगळंच माहीत होतं, हे विचारायचं राहिलं. पुढं एकदा निरोप आला की दाजींची तब्येत बरी आहे आणि दुधी लागला नाही. त्यानंतर भेट नाही.

शेजारच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. आमच्या ह्यांना पुढं दोनदा काम सुटलं, दोनदा लागलं. मुलगी टायफॉइडमधून उठली. सासऱ्यांसाठी मागितलं, ते गेले. मी शुक्रवार सोडलेला नाही. माहेरी शिकले त्यापेक्षा आता माझा विश्वास जास्त आहे असं मला वाटतं, पण तो तेवढा नीटनेटका नाही. त्यात ते वाक्य आहे आणि तो पोळपाटही आहे.

अक्कानं सांगितल्याप्रमाणे मी मोठ्यानं मागते. घरच्यांना आता सवय झाली आहे. अजूनही तोंडाशी पहिलं वाक्य तेच येतं, आधी आमचं. मोठ्यानं म्हणायचं म्हटलं की समोर भिंत असते, तिच्यापलीकडं कोणाची तरी भांडी वाजत असतात, आणि मला थांबावं लागतं. कधी थांबते. कधी थांबत नाही, आणि मग अक्कासारखं आमेनही मलाच म्हणावं लागतं.